चार सारख्या रायफली

स्तामेन्कासाठी रायफल आणायला आम्ही तिघं डोंगर उतरून गेलो, तो दिवस आठवला की मला आधी धुकं आठवतं. घरांची धुराडी तेवढी वर दिसत होती, बाकी सगळं दुधात बुडालेलं. गाडी माझी, म्हणून चालवायला मी. माझ्या शेजारी विदोयेकाका, गुडघ्यांत काठी धरून. मागच्या सीटवर त्यांची सून स्तामेन्का, मांडीवर मक्याच्या भाकरीचं आणि चीजचं गाठोडं घेऊन. रस्ता माझ्या पायाखालचा, तरी गाडी चाकांवर नाही, पाण्यावर चालली आहे असं सारखं वाटत होतं.

"ओब्रेन, हळू चालव," काका म्हणाले.

"काका, याहून हळू म्हणजे उतरून ढकलावी लागेल."

"मग ढकल. तुझ्या गाडीपेक्षा माझं गाढव बरं होतं. त्याला धुक्यातलं दिसायचं."

विदोयेकाका आमच्या शिकारी मंडळाचे जुने म्होरके. कुठला डुक्कर कुठल्या ओढ्याला उतरणार, हे ते घरात बसून सांगत. पण आता त्यांच्या दोन्ही डोळ्यांवर पडदा आला होता. उजेड कळायचा, हलत्या सावल्या कळायच्या, माणूस मात्र आवाजावरून ओळखावा लागायचा. "तुमच्याकडे धुकं पाहुणं म्हणून येतं, माझ्याकडे मुक्कामालाच आलंय," असं म्हणून तेच हसायचे.

त्यांचा मुलगा रादिसाव मागच्याच्या मागल्या हिवाळ्यात गेला. लाकूडतोडीवर होता; बीचचं एक झाड पडता पडता भलत्याच बाजूला फिरलं. घरात सासरा आणि सून एवढेच उरले. लोकांना वाटलं स्तामेन्का आता माहेरी जाईल. ती गेली नाही. रादिसाव असताना हाका घालायला, म्हणजे आरडाओरडा करून डुकरं उठवायला, ती आमच्याबरोबर रानात यायचीच, तो गेल्यावर एकटी फिरू लागली. कुठे माती उकरलेली दिसली, कुठे चिखलात खूर उमटलेले दिसले, की येऊन सासऱ्याला सांगायची, आणि दोघं चुलीपाशी बसून त्याच गोष्टी बोलत राहायची.

गावातली तरणी माणसं शहरांकडे निघून गेली होती. डुकरं तेवढी राहिली. बटाट्याचं शेत एका रात्रीत नांगरल्यासारखं करून जायची, आणि आम्ही मंडळातले म्हातारे नेम धरेपर्यंत ती पलीकडच्या डोंगरावर. अशाच एका बैठकीत स्तामेन्का उभी राहिली आणि म्हणाली, "मला शिकाऱ्याची परीक्षा द्यायची आहे."

कोणीतरी फिस्सकन हसलं. काकांनी आवाजाच्या दिशेने मान वळवली.

"हसतोस काय रे? गेल्या हाक्यात तुझ्या हातून सुटलेला डुक्कर हिच्या पायाजवळून गेला. ही जागची हलली नाही. तू तेव्हा कुठल्या झाडावर होतास, ते सांगू का सगळ्यांना?"

मग कोणी हसलं नाही. स्तामेन्काने परीक्षा दिली आणि पास झाली. घरची जुनी रायफल आधी बापाने वापरलेली, मग मुलाने. नळीच्या आतले, गोळीला गिरकी देणारे पीळ पार झिजून गेले होते. दुरुस्तीवाल्याने नळीतून एकदा पाहिलं आणि भिंतीवर टांगून ठेवा म्हणाला. त्या दिवसापासून काका त्या दुरुस्तीवाल्याचं नाव घेत नसत.

म्हणून आम्ही निघालो होतो, खाली, रायफलींच्या गावाला.

त्या गावात धुकंसुद्धा वेगळं होतं, कोळशाच्या वासाचं. नदीच्या काठाने पॉपलरची झाडं, त्यामागे कारखान्याच्या लांबच लांब विटांच्या भिंती, आणि आतून कुठून तरी येणारी धातूची एकसुरी गुणगुण. कारखान्याच्या अंगालाच त्यांचं दुकान होतं आणि दुकानामागे नेम धरून पाहायची जागा. ती जागा पेर्सिदा नावाची बाई सांभाळायची. थोराड अंगाची, पन्नाशीच्या पुढची, मांडीवर लोकरीचं विणकाम. आयुष्यभर बंदुकांच्या आवाजात राहिल्याने ती सगळ्यांशी ओरडूनच बोलायची.

"कोणाला हवी आहे?" ती ओरडली.

"मला," स्तामेन्का म्हणाली.

पेर्सिदाने सुया खाली ठेवल्या, स्तामेन्काकडे डोक्यापासून बुटांपर्यंत पाहिलं आणि म्हणाली, "बरं झालं! नाहीतर इथे येतो तो पोट घेऊन येतो आणि म्हणतो रायफल हलकी द्या."

हिरव्या कापडाच्या टेबलावर तिने चार रायफली मांडल्या. एकाच नमुन्याच्या, एकाच यंत्रातून निघालेल्या, एकाच आईच्या चार मुली असाव्यात तशा. फरक दिसत होता तो लाकडात. तिसरीचा दस्ता गडद अक्रोडाचा, आत लाटांवर लाटा. चौथीचा फिकट, जवळजवळ पांढरा, गालाशी एक काळपट गाठ.

"सगळ्या सारख्याच आहेत," मी म्हणालो.

"तुझ्या बहिणी पण सारख्याच दिसतात," काका म्हणाले. "एक तुझ्यासारखी आळशी आहे. सूनबाई, ये इकडे. डोळे तुझे, हात माझे."

आणि त्यांनी सुरुवात केली. एरवी चहाच्या कपासाठी चाचपडणारे ते हात रायफलीवर गेले की कसलेच चाचपडत नव्हते. आधी बोल्ट मागे ओढायचा, म्हणजे काडतूस आत ढकलणारा तो पोलादी दांडा, आणि नळी रिकामी आहे याची बोटाने खात्री करायची. मग बोल्ट काढून सुनेच्या हातात द्यायचा.

"याच्या तोंडाशी दोन कान आहेत बघ. दोन्ही सारखे घासलेत?"

"सारखे, बाबा."

"एकच घासलेला असला तर सगळा धक्का त्या एकट्यावर येतो. आता नळीतून खिडकीकडे बघ. उजेडाची कडी दिसतात का, एकात एक?"

स्तामेन्का नळीला डोळा लावून इतका वेळ उभी राहिली की मला वाटलं हिला पलीकडे काहीतरी दिसलं.

"काय दिसतंय?" काकांनी विचारलं.

"गोल गोल. तळ्यात खडा टाकल्यावर उठतात तसं. पण हलत नाही."

"कुठलं कडं एका बाजूला कललंय?"

"नाही."

"मग नळी सरळ आहे."

पहिली रायफल चापावरच नापास झाली. काकांनी चाप ओढला आणि तोंड वाकडं केलं. "चिखलातून पाय काढल्यासारखा येतोय. ही बाजूला." दुसरीच्या नळीच्या तोंडावरून त्यांनी करंगळीचं नख फिरवलं, थांबले, पुन्हा फिरवलं. "इथे खरचटलंय. गोळी बाहेर पडताना शेवटी इथेच टेकते. इथे टोचलं की ती रुसून भलतीकडे जाते." पेर्सिदाने भिंग लावून पाहिलं, जीभ चावली आणि ती रायफल उचलून मागे ठेवली.

मग तिसरी. गडद लाकडाची.

काकांनी बोल्ट ओढला आणि ढकलला. आवाज फार छोटा होता, तेलात भिजलेला, आणि शेवटी दांडा खाली वळवताना एक मऊ टक्. ते थांबले. पुन्हा ओढला, पुन्हा ढकलला. मान एका बाजूला कलली. तिसऱ्यांदा. नळी तपासायचं राहिलं, चाप ओढायचा राहिला. ते नुसता बोल्ट मागेपुढे करत होते आणि त्यांच्या चेहऱ्यावर असं काहीतरी उतरत होतं की मी नजर काढून खिडकीबाहेर बघू लागलो.

"हीच," ते म्हणाले.

"काका, अजून चौथी आहे," मी म्हणालो.

"हीच म्हटलं ना!"

स्तामेन्का ती घेऊन नेमाच्या जागी गेली. वाळूच्या पिशवीवर रायफल टेकवली, कानांवर टोप्या चढवल्या. पहिली गोळी कागदाच्या मधोमध लागली. दुसरी तिच्या कडेला. तिसरी उजवीकडे वर, चौथी अजून वर. मोठी दुर्बीण लावून बसलेली पेर्सिदा विणकाम सोडून उठली. नळी गार होऊ दिली. पुन्हा तसंच. पहिली मधोमध, मग जसजशी नळी तापेल तसतशी गोळ्या उजवीकडे चढत चाललेल्या.

पेर्सिदाने सिगारेटच्या पाकिटातला पातळ कागद काढला, नळी आणि लाकूड यांच्या फटीत सरकवला. डावीकडून कागद लोण्यातून सुरी जावी तसा गेला. उजवीकडे मध्येच अडकला.

"लाकूड टेकतंय नळीला!" ती ओरडली. "तापली की लाकूड तिला ढकलतंय. आणि पावसात फुगलं तर थंड असतानाही ढकलेल."

"हिच्या नेमाचं काहीतरी चुकत असेल," काका म्हणाले.

"बाबा, मी तसाच धरलाय."

"मग काडतुसं खराब."

"काका, काडतुसं कशी खराब असतील?" मी म्हणालो.

"तू गप्प बस. तू झाडाला नेम धरून कुत्र्याला मारलं होतंस."

ती गोष्ट खोटी होती. कुत्र्याच्या नुसतं जवळून गेलं होतं. पण मी गप्प बसलो, कारण काका तेव्हा वाद घालत नव्हते, काहीतरी घट्ट धरून ठेवत होते. त्यांनी ती रायफल परत मागितली, लोखंडी शेगडीजवळच्या बाकावर जाऊन बसले आणि पुन्हा ते सुरू झालं. ओढ. ढकल. मऊ टक्.

स्तामेन्का चौथी उचलायला गेली होती. ती तिथेच थबकली.

"ओब्रेनभाऊ," ती अगदी हळू म्हणाली, "ऐकताय ना? रादिसाव रानातून आला की दारातच रायफल रिकामी करायचा. बूट काढायच्याही आधी. मी भाकरी तव्यावरून काढायची ती हा आवाज ऐकून. बाबा ताट मागायचे ते पण."

रादिसाव माझ्याही घरी शेकडो वेळा आला असेल. मी कधी तो आवाज ऐकला नव्हता. आता मात्र ऐकू आला.

पेर्सिदा ओरडणार होती, पण तिने आमचे चेहरे पाहिले आणि आयुष्यात बहुधा पहिल्यांदाच खालच्या आवाजात बोलली. "लाकूड आतून तासता येतं. कारखान्यात परत पाठवीन, नीट होऊन येईल. हवी असेल तर तीच घ्या."

स्तामेन्का सासऱ्यापाशी गेली, त्यांच्यापुढे वाकली.

"बाबा, तुम्ही म्हणाल ती घेऊ. खरंच. तासून देतील म्हणतात."

"आणि ती दुसरी?"

"तिच्यातून फक्त चार गोळ्या उडवून बघते."

"बघ, बघ. मी बसलोय इथे."

फिकट लाकडाच्या रायफलीचा बोल्ट ओढला की वाळू भरडल्यासारखा आवाज येत होता. स्तामेन्काने पहिली गोळी उडवली. पेर्सिदा म्हणाली, "मधोमध." दुसरी. "तिथंच." तिसरी. "अगं, तिथंच!" मग नळी गार करायला ठेवली आणि आम्ही भाकरीचं गाठोडं सोडलं. पेर्सिदाने कपाटातून रकियाची बाटली काढली. त्या प्लमच्या दारूचा वास शेगडीच्या उबेत मिसळला. बाहेर धुकं पिवळं पडत चाललं होतं. काकांना घास द्यायला वळलो, तर ते मांडीवर रायफल आडवी घेऊन झोपले होते. बोल्टवर हात तसाच.

कोणी त्यांना उठवलं नाही. स्तामेन्काने पुन्हा तीन गोळ्या उडवल्या, त्या आवाजातही ते जागे झाले नाहीत. सगळ्या गोळ्यांनी मिळून कागदात एकच भोक पाडलं होतं, कडा फाटलेलं, जर्दाळूएवढं.

मग सगळं शांत झाल्यावर काका हलले. डोळे न उघडताच म्हणाले, "रादिसाव आला का?"

पेर्सिदाच्या सुया थांबल्या. स्तामेन्का शेगडीत लाकूड सारत होती. तिने ते नीट आत सारलं, दार लावलं आणि म्हणाली, "नाही, बाबा."

त्यांच्या त्या ढगाळ डोळ्यांत शेगडीची लाली तेवढी हलत होती. मग त्यांनी एकदा, अगदी सावकाश, बोल्ट मागे ओढला, रायफल रिकामी असल्याची बोटाने खात्री केली आणि ती पेर्सिदाच्या दिशेने उचलून धरली.

"ही ठेवून घे, बाई. आवाज गोड आहे हिचा. पण सुनेला घेऊन जायची आहे रानात." आणि मग एकदम पूर्वीच्या आवाजात, "आण ती तुझी पांढरी! बघू दे काय रत्न निवडलंय."

जीव भांड्यात पडणं म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं. काकांनी बोल्ट ओढला आणि दात आवळले. "अरे देवा! ही बंदूक आहे का जातं? डुक्कर हसून मरेल, गोळी लागायच्या आधी."

"वापरून गुळगुळीत होईल," पेर्सिदा म्हणाली.

"माझी बायको पण असंच म्हणाली होती माझ्याबद्दल." त्यांचं बोट दस्त्याच्या मानेवरून फिरलं, जिथे हाताची मूठ बसते तिथून. नखाने लाकडाची रेष पकडून ते शेवटपर्यंत गेले. "रेषा सरळ आहेत. खडकावर पडली तरी इथून मोडायची नाही. ही गाठ कसली?"

"गालाशी येते, बाबा. लागत नाही."

"कागद सरकव फटीत."

कागद दोन्ही बाजूंनी सुळकन गेला. त्यांनी चाप ओढला, पुन्हा ओढला, आणि नाराजीने म्हणाले, "चाप चांगला आहे." जणू परक्याच्या मुलाचं कौतुक करावं लागतंय. मग सेफ्टी, म्हणजे चाप अडवणारी कळ, लावून चाप ओढला, सोडला, सेफ्टी काढली. रायफल गप्प राहिली, तशीच राहायला हवी होती. शेवटी स्तामेन्काला हिवाळ्याचा जाड कोट घालायला लावला.

"डोळे मीट. खांद्याला लाव. आता उघड. नेम कुठे आहे?"

"समोर. सरळ."

"मान ताणावी लागली?"

"नाही."

"मग काय," काका म्हणाले, "तुझी आहे ती."

परत येताना धुकं वर चढलं होतं आणि आम्ही त्याच्या मागे मागे. आरशात मला स्तामेन्का दिसत होती. रायफल तिने उभी धरली होती, प्रवासात पेंगणाऱ्या पाहुणीला सावरून धरावं तशी.

पहिला हाका झाला तेव्हा बीचची पानं गळून गेली होती. काका म्हणाले, मी सुनेपाशी बसणार. मंडळी म्हणाली, काका, पाय घसरेल. काका म्हणाले, तुमचे घसरतात तेव्हा मी काही बोलतो का? शेवटी एका पडलेल्या खोडामागे दोघांना बसवलं, आणि हाकेच्या अंतरावर मी बसलो. धुकं इतकं की ती दोघं मला झाडांच्या बुंध्यांसारखीच दिसत होती, एक जाड, एक बारीक. वरून हाकाऱ्यांचे आवाज येत होते, पण जणू दुसऱ्याच डोंगरावरून. एक कुत्रं भुंकलं, थांबलं. थेंब पडत होते. मी खरंच जागा आहे की नाही, याची खात्री करायला हाताला चिमटा काढून पाहिला.

पुढचं मला स्तामेन्काने सांगितलं. तिला काहीच ऐकू येत नव्हतं. काकांनी तिच्या कोपराला बोट लावलं आणि हलकेच डावीकडे दाबलं. तिने रायफल तिकडे वळवली. पांढऱ्याशिवाय समोर काहीच नव्हतं. बोट तसंच दाबलेलं. मग ते पांढरं एका जागी विरळ झालं आणि तिथे डुक्कर उभा होता. म्हातारा नर, पाठीवर दव, नाक वर करून हवा हुंगत. किती वेळ ती पाहत राहिली तिला सांगता येत नाही. तिला त्याचा राग येत नव्हता, असं ती म्हणाली. घरचं कोणी अंगणात उभं असावं तसं वाटत होतं. मग त्याने एक पाऊल टाकलं, खांदा मोकळा झाला, आणि तिने चाप ओढला.

मी ऐकला तो एकच आवाज. डुक्कर थोडा धावला आणि नेच्याच्या झुडपात बसल्यासारखा खाली गेला. मी पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. गोळी खांद्यामागे, जिथे हवी तिथेच.

मंडळी जमली. टोप्या काढल्या. फरच्या झाडाची डहाळी मोडून कोणीतरी डुकराच्या तोंडात ठेवली, त्याचा शेवटचा घास म्हणून. आणि मग सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघू लागले. कारण आमच्याकडे नव्या शिकाऱ्याने पहिली शिकार केली की त्याला तिच्यावर पालथं झोपवतात आणि म्होरक्या छडीने तीन फटके मारतो. त्याशिवाय तो शिकारी होत नाही. पण आजवर बाई कधी झाली नव्हती, तीही विधवा, आणि रादिसावची.

"या वेळी राहू दे," कोणीतरी पुटपुटलं.

"का राहू दे?" काका गरजले. "हिने डुक्कर मारला नाही? की मी मारला? हेझलची छडी तोडा मला एक. आणि सूनबाई, आडवी हो."

"होते, बाबा. पण हळू मारा हां."

"हळू मारलं तर लागू होत नाही."

स्तामेन्का डुकरावर पालथी झाली, गाल त्याच्या ओल्या केसांवर टेकवून. काकांनी छडी हवेत फिरवली, सपकन् आणली, आणि ती पडली डुकराच्या कुल्ल्यावर.

"काका, तो आधीच मेलाय!" मी ओरडलो.

सगळं रान हसलं. डुकरावर पालथी पडलेली स्तामेन्काही हसत होती, पाठ गदगदत होती. दुसरा फटका तिच्या कोटावर बसला, धूळ झटकल्यासारखा. तिसऱ्या वेळी काकांनी छडी उचलली आणि तशीच खाली सोडून दिली. गुडघ्यावर बसले, हाताने शोधत तिच्या डोक्यापर्यंत आले आणि हात तिथे ठेवला.

"झालीस," ते म्हणाले.

ती उठली नाही. आम्ही वाट पाहिली. मला वाटलं रडते आहे, म्हणून वाकून पाहिलं. ती झोपली होती. डुक्कर अजून उबदार होता, तिच्या श्वासाबरोबर त्याचे केस मंद हलत होते. काकांनी बोट ओठांवर ठेवलं. मग आम्ही सगळे, एवढे मोठे बाप्ये, खाली ओल्या पानांवर बसलो, कोणी पाइप काढला तोही पेटवला नाही, आणि धुकं झाडांमधून हळूहळू उतरत राहिलं.